डबीतला दात

भडगाव
२ ऑगस्ट २०२५

प्रकाशचंद यास उखर्डूचा रामराम.

तुला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि तू "हो, पाऊस बरा आहे" म्हणतोस. म्हणून पुन्हा कागद हाती घेतला. सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. पुढे तू धुळ्याला किराणा दुकान थाटलंस आणि मी त्याच शाळेत चौतीस वर्षं घंटा वाजवली. तेव्हा माझ्या अक्षराला हसायचं नाही.

बातमी वाईट आहे. सारिकाचा पुढचा दात तुटला. वरचा, अगदी मधला, अर्धा गेला. परवा संध्याकाळपासून मला घास जात नाही.

तुला ठाऊक आहे, झुलाल आणि सूनबाई दीपनगरला असतात, पोरगी आमच्याकडे शिकते. नववीत आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघाची कप्तान आहे. जूनमध्ये पुण्याहून दोन संशोधक आले. मुलींना फुटबॉलमध्ये दुखापत होऊ नये यावर त्यांचं संशोधन आहे. निम्म्या शाळांना खेळाआधी करायचा व्यायाम शिकवायचा, निम्म्यांना काहीच शिकवायचं नाही आणि शेवटी कुठल्या मुली जास्त पडल्या ते मोजायचं. आमच्या शाळेला व्यायाम मिळाला. मला केवढा आनंद झाला! संमतीपत्रावर पालक म्हणून मी सही केली. चार पानं होती, वाचली नाहीत. शाळेच्या कागदावर सही करताना वाचायची मला सवय नाही.

त्या व्यायामात एक प्रकार असा आहे की दोघींनी शेजारी उभं राहून उडी मारायची आणि हवेत एकमेकींच्या खांद्याला खांदा लावायचा. सारिका उंच, तिची जोडीदारीण आयुषी बुटकी. सारिका उडी मारता मारता हसत होती. आयुषीचं डोकं खालून आलं ते थेट दातावर. प्रकाश, खेळ अजून सुरू व्हायचा होता रे! दुखापत टाळायच्या व्यायामातच दुखापत झाली.

मी छत्री घेऊन मैदानाच्या कडेलाच उभा होतो. धावलो. बाकीच्या पोरी रडत होत्या, मी मात्र चुन्याच्या रेघेजवळ गवतात हात फिरवत बसलो आणि तुकडा शोधून काढला. तो जपून ठेवला आहे. त्याचं काही होतं का, हे तुझ्या नातीला, रूपलला विचार. ती दातांची डॉक्टर आहे.

आणि झुलालला यातलं काही कळता कामा नये. "एक ओरखडा जरी उठला तरी फुटबॉल बंद, मी तिला दीपनगरला नेईन," असं तो जूनमध्येच म्हणाला आहे. पोळ्याला तो घरी येतो. ३० तारखेला जळगावला तिचा जिल्ह्याचा सामना आहे. पोळ्याच्या आत दात जागेवर बसला नाही तर पोरीचा खेळ संपला, आणि सही माझी आहे.

उखर्डू


धुळे
५ ऑगस्ट २०२५

उखा, जय जिनेंद्र.

तुझं पत्र आलं आणि आमच्या सौ. चंदनबाईने लगेच जळगावला रूपलला फोन लावला. मी ओरडून विचारलं, तिने तिकडून सांगितलं, चंदनबाईने पाटीवर लिहून मला दाखवलं. आता हेच आमचं टेलिफोन एक्स्चेंज.

रूपल म्हणते, तुकडा सापडला हे फार चांगलं झालं. तो सुकू द्यायचा नाही, दुधात ठेवायचा. तुटलेला तुकडा दाताच्या खास मसाल्याने परत चिकटवता येतो. स्वतःच्याच दाताचा तुकडा असल्यामुळे रंग जुळतो आणि बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. उघडा पडलेला दातही तोवर झाकायला हवा, म्हणून उशीर करू नकोस. जवळच्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे जा.

कुठल्याही, असं मी मुद्दाम लिहितो. कारण रूपलचा प्रबंध नेमका यावरच आहे, "दातांच्या डॉक्टरांना दात दुरुस्तीचं ज्ञान किती". जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना तिने वीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला होता. त्यातला सातवा प्रश्न ऐक: "रुग्णाने पुढच्या दाताचा तुटलेला तुकडा आणल्यास आपण काय कराल?" शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी बरोबर उत्तर दिलं! तिचे सर खूश आहेत. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला तिने रंगीत प्रमाणपत्र दिलं आहे. ते भिंतीवर दिसलं की बिनधास्त आत शिर.

तू लहानपणापासून काळजी करतोस. परीक्षेच्या आधी नापास झाल्यासारखा रडायचास. खान्देशातले दातांचे डॉक्टर हुशार आहेत, आता हे कागदावर सिद्ध झालं आहे.

प्रकाशचंद


भडगाव
९ ऑगस्ट २०२५

प्रकाश,

तुकडा दुधात आहे. माझी जुनी तंबाखूची स्टीलची डबी राखेने घासून घेतली आणि त्यात म्हशीचं दूध घातलं. सकाळ-संध्याकाळ दूध बदलतो. मंजुळा म्हणते, "डबीले दूध नि मनुष्यले कोरा चहा! तुमनं ध्यान कोठे शे?" मी तिच्याशी वाद घालत नाही. तिला विज्ञान समजत नाही.

काल पाचोऱ्याला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर रूपलचं प्रमाणपत्र, सोनेरी काठाचं, गणपतीच्या शेजारीच. मला हायसं वाटलं. डॉक्टरांपुढे डबी ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"काका, हे फेकून द्या. पोरीला घेऊन या, छान कॅप बसवू."

मी म्हणालो, "साहेब, तुकडा चिकटवता येतो ना? सातवा प्रश्न."

"कोणता सातवा?"

मी भिंतीकडे बोट केलं. ते म्हणाले, "ते होय! तो फॉर्म बन्सीलालने भरला." बन्सीलाल म्हणजे त्यांचा कंपाउंडर. तो दाराशीच उभा होता, लाजला आणि म्हणाला, "मोबाइलवर बघून भरला, आबा. वीसपैकी वीस आले."

प्रकाश, मग मी डबी बन्सीलालला दाखवायची होती का? हे मला घरी आल्यावर सुचलं. मला नेहमी घरी आल्यावर सुचतं.

आता दुसरी कटकट. ज्या दिवशी दात तुटला त्याच संध्याकाळी खेळाचे प्रेमराज सर घरी आले. मला वाटलं, विचारपूस करायला आले. म्हणाले, "आबा, सारिका उद्या मैदानावर आलीच पाहिजे."

"अहो, तिचं तोंड सुजलं आहे."

"खेळू नको म्हणा. नुसती कडेला बसली तरी चालेल. संशोधनाचा नियम असा आहे की जो खेळाडू दुखापतीमुळे दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही, त्याचीच दुखापत धरायची. ती आली तर तिला काही झालंच नाही."

मी म्हणालो, "आणि दात?"

त्यांनी फॉर्म काढून दाखवला. त्यात माणसाचं चित्र आहे, कमरेपासून खाली. घोटा, गुडघा, मांडी, सगळ्यांना चौकोन आहेत. डोकं छापलेलंच नाही. "आणि आबा," ते म्हणाले, "तेव्हा चेंडू मैदानात नव्हता. चेंडूच नाही तर तो फुटबॉल कसा?" सगळ्या आठवड्यांचे फॉर्म त्यांनी जुलैमध्येच भरून ठेवले आहेत, एका बैठकीत. सगळीकडे शून्य.

पोरगी गेली रे दुसऱ्या दिवशी, तोंडाला रुमाल बांधून. म्हणजे आता तिला काही झालेलं नाही. पण थंड पाणी एका बाजूनेच पिते.

उखर्डू


धुळे
१२ ऑगस्ट २०२५

उखा,

तुझं पत्र मी रूपलला पाठवलं. तिने ते दोनदा वाचलं म्हणे. मग म्हणाली, पाचोऱ्याचे डॉक्टर चुकलेल्या सहा टक्क्यांतले असतील. पण त्यांच्या फॉर्मला तर वीसपैकी वीस आहेत, हे तिला लगेच आठवलं.

तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "आजोबांचं पत्र म्हणजे माहिती नव्हे. आजोबा आपल्या नमुन्यात नाहीत, त्यांची संमती घेतलेली नाही. चौऱ्याण्णव हा आकडा चांगला आहे, त्याला हात लावू नका." मलाही ते पटलं. माझ्या दुकानातसुद्धा एक गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणून मी सगळं पोतं परत करत नाही.

तू बोलतोस फार आणि विचारतोस कमी. डॉक्टरसमोर सातवा प्रश्न, सातवा प्रश्न करायला ती काय शाळा आहे? चाळीसगावला जा. तिथले डॉक्टर नवे आहेत. तिथे नाही जमलं तर जळगाव आहेच. डबी आधी पुढे कर, तोंड नंतर उघड.

आणि सारिकाला घेऊन जा की! तुकडा एकटाच का फिरतो आहे?

प्रकाशचंद


भडगाव
१६ ऑगस्ट २०२५

प्रकाश,

सारिका येत नाही. "आबा, तुम्ही आधी विचारून या, माझं तोंड सारखं कोणाला दाखवू नका," म्हणते. तिचंही बरोबर आहे. शाळेत पोरं तिला खिडकी म्हणतात. काल पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनाची घोषणा द्यायचा मान तिचा होता. तिने हात वर केला आणि तोंड मिटून उभी राहिली. घोषणा मागून आयुषीने दिली. मी तिथे फाटकाजवळ माझ्या जुन्या जागी उभा होतो. चौतीस वर्षांत या शाळेत इतकी शांत घोषणा मी ऐकली नव्हती.

चाळीसगावला तुझ्या सांगण्याप्रमाणे मी एक शब्द बोललो नाही, नुसती डबी पुढे केली. एसटीत उन्हाने दूध नासलं होतं. डॉक्टरांनी डबी उघडली, नाक मागे घेतलं आणि म्हणाले, "तुकड्यात जंतुसंसर्ग झालेला आहे. हा बसवला तर शेजारचे चार दात जातील." मला चार दातांसाठी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या कोणी घ्यायच्या, मी की तुकड्याने, हे विचारायचं राहिलं. भिंतीवर प्रमाणपत्र होतं.

तिथून दुसऱ्या दिवशी जळगाव. तो दवाखाना म्हणजे हॉटेलच. तुकडा चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला, मग त्याचा एक्स-रे काढला. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "दात मेलेला आहे, आजोबा. आत नस अजिबात दिसत नाही." उरलेला अर्धाही काढून टाका आणि तिथे स्क्रूचा नवा दात लावा, म्हणाले. एक्स-रे मला प्लास्टिकच्या पिशवीत दिला. इथेही प्रमाणपत्र. इथे तर चौकटीत घातलेलं.

मेलेला आहे, हे ऐकल्यापासून मी डबीकडे बघू शकत नाही. इतके दिवस रोज ताजं दूध दिलं आणि तरी मेला. माझ्याच हातून काही चुकलं असेल. गाईचं द्यायला हवं होतं का?

पोळा सहा दिवसांवर आहे. आज धुळ्याच्या बसच्या कंडक्टरकडे डबी आणि एक्स-रे दिले आहेत. रूपलला दाखव. ती नाही म्हणाली तर मी स्वतःच झुलालला सगळं सांगेन आणि पोरीची पेटी भरेन.

उखर्डू


धुळे
१८ ऑगस्ट २०२५

उखा,

खाली बस आणि मग वाच.

काल रविवार, रूपल घरीच आली होती. डबी आली तेव्हा ती अंघोळीला गेली होती, म्हणून मीच उघडली. दूध ओतून दिलं, तुकडा धुतला, तळहातावर घेतला. आणि उखा, मी पन्नास वर्षं दुसरं काय केलं? तांदूळ, तूर, उडीद, सगळ्यातून हाच काढत आलो. बोटाला कळतं. तरी खात्री असावी म्हणून गल्ल्यावरच्या काचेवर ओढून पाहिला. काचेवर चरा उठला. दाताने काचेवर चरा उठत नाही.

उखा, ती गारगोटी आहे. मैदानातला पांढरा खडा. दहा दिवस तू खड्याला म्हशीचं दूध पाजलंस.

मी इतका हसलो की चंदनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. रूपल आली, तिने खडा भिंगाखाली पाहिला. नंतर एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पुष्कळ वेळ धरूनच राहिली. ती हसली नाही. म्हणाली, "दादाजी, एकाने डबी उघडली नाही, एकाने वास घेतला, एकाने खड्याची नस शोधली. तिघंही माझ्या चौऱ्याण्णवात आहेत." मी म्हणालो, सर काय म्हणतील? ती म्हणाली, "सर म्हणतील, खडा आपल्या नमुन्यात नाही."

बुधवारी ती तुझ्याकडे येते आहे. तुकडा नसला तरी मसाल्याने दात घडवता येतो. रंगाला थोडा फरक पडेल, पण पोळ्याआधी तोंड भरेल. तू मात्र एक कर. घरात विचार. खडा तुला सापडला, मग खरा तुकडा गेला कुठे?

प्रकाशचंद


भडगाव
२४ ऑगस्ट २०२५

प्रकाश,

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास ओट्यावर बसलो. मग मंजुळाला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तो तं मी तवयच धाबावर फेकी दिधा. उंदीरले सांगं, जुना ले, नवा दे."

खरा तुकडा सारिकाने रुमालात थुंकला होता आणि घरी येऊन आजीच्या हातावर ठेवला होता. मी माझा तुकडा नाचवत आलो तेव्हा दोघींना वाटलं, दाताचे दोन तुकडे झाले असतील. मी म्हणालो, "अगं, दुधाचा दात फेकतात! ही चौदा वर्षांची आहे!" तर म्हणते, "चौदाचीच तं शे. येई ना नवा. बठ्ठा पोरेसना येतस."

मला शिडीवर चढू दिलं नाही, सारिका चढली. धाब्याच्या छपरावर पावसाने माती भिजून लोण्यासारखी झाली होती. तिने बोटांनी चाचपत, पन्हळीच्या तोंडाशी, खाऱ्या मातीत रुतलेला तुकडा काढला. इतके दिवस तो पावसाने ओलाच होता. मी याला काचेवर ओढून पाहिलं. चरा उठला नाही.

बुधवारी रूपल आली. तुकडा पाहून ती आमच्या अंगणातच हसली, तुझ्यासारखी, पाणी मागवावं लागेल अशी. तिला दवाखान्याची खुर्ची आणि मसाला घट्ट करायचा निळा दिवा हवा होता, म्हणून आम्ही पाचोऱ्यालाच गेलो. त्या डॉक्टरांनी खुर्ची आनंदाने दिली आणि शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. ती मसाला लावायला लागली तेव्हा म्हणाले, "हां हां, सातवा प्रश्न!" बन्सीलाल दिवा धरून होता. पाऊण तासात दात पूर्ण. आरशात बघून सारिका नुसती ओठांची उघडझाप करत राहिली. एसटीत बसल्यावर एकदम गायला लागली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी झुलाल आला. मी दाराशीच उभा होतो. त्याने पोरीची हनुवटी वर केली, दात बघितला आणि म्हणाला, "वा, रेघसुद्धा दिसत नाही!"

प्रकाश, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सारिकाने त्याच संध्याकाळी सुजलेल्या तोंडाने फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि खेळणं सोडणार नाही हेही सांगितलं होतं. तो चिडला, मग दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून "खेळ" म्हटलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणतो, "आबा, तुम्ही फार काळजी करता. म्हटलं, तुम्हाला कशाला कळवायचं?" मी त्याच्यापासून लपवत होतो आणि घरदार माझ्यापासून. खिडकी म्हटलेलं तेवढं पोरीला लागलं होतं, म्हणून ती तोंड मिटून होती. खेळाची भीती एकट्या मलाच होती.

काल शाळेत कार्यक्रम झाला. पुण्याचे संशोधक आले होते. आमच्या शाळेला "शून्य दुखापत" म्हणून ढाल मिळाली. ती घ्यायला कप्तानाला बोलावलं. फोटोवाला म्हणाला, "बेटा, हस." सारिका हसली. प्रेमराज सरांनी माझ्याकडे बघितलं आणि चटकन छताकडे बघायला लागले.

रूपलने खडा मागून घेतला, हे तुला माहीत असेलच. पुढच्या वेळी डॉक्टरांना फॉर्म पाठवणार नाही, खडा घातलेली डबीच घेऊन जाणार, म्हणाली. तिचे सर काय म्हणतात ते तू कळव. एक्स-रे मात्र मला परत पाठव. गारगोटीची नस बघायला गल्लीतले लोक रांग लावून आहेत.

आता एक शेवटचं. आज सकाळी सराव बघायला गेलो होतो, छत्री घेऊन. खांद्याच्या उडीची वेळ आली तेव्हा सारिकाने सगळ्या पोरींना ओळीत उभं केलं, उंचीप्रमाणे, आम्ही प्रार्थनेला करायचो तसं. मग उंच पोरीला उंच जोडीदारीण दिली, बुटकीला बुटकी. "तोंड मिटून उडी," म्हणाली, "हसायचं खाली आल्यावर." त्याप्रमाणे सगळ्या उडाल्या, खाली आल्या आणि मग एकदम हसल्या. मी प्रेमराज सरांना म्हणालो, हे लिहून घ्या. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्याला चौकोन नाही, म्हणाले.

म्हणून तुला लिहितो आहे. हा कागद फेकू नकोस.

उखर्डू